उजवा कौल आणि एक जादा पीळ

माझ्या डॉक्टरकीला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंद होतं. भांडण झालं होतं असंही नाही. भांडायलासुद्धा अंगात जीव लागतो. आमची दोन मुलं जन्मतःच गेली, दोन्ही माझ्याच हातात. तिसऱ्या खेपेला पत्नीचा नववा महिना लागला आणि मूल आडवं आहे हे माझ्याच बोटांना कळलं. रत्नागिरीतल्या माझ्या लहानशा दवाखान्यात पोट उघडून मूल काढण्याची सोय नव्हती. मिरजेच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना पत्र घातलं. कळा सुरू व्हायच्या आत घेऊन या, असं त्यांचं उत्तर आलं.

निघण्याआधी ग्रामदेवीला कौल लावू या, असा पत्नीने हट्ट धरला. गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि गुरुवारी निघावं का म्हणून विचारलं. थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. पत्नीचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. तेवढ्यात मी म्हणालो, "पुन्हा एकदा लावा. म्हणजे नक्की होईल."

गुरवाने हात आवरता घेतला. "डाक्टर, दिलेला कौल परत इचारायचा नसतो."

मी ऐकलं नाही. त्याने नाइलाजाने पुन्हा पाकळ्या लावल्या. तासभर बसलो, एकही पाकळी हलली नाही. घरी येताना पत्नी माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली, आणि मला शरम वाटली.

हा माझा जुनाच रोग. दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, टाके घातले की प्रत्येकावर एक गाठ जास्त मारायची. माझी जुनी मोटारसुद्धा मी मिस्त्रीच्या हातात देत नसे. दुसऱ्याच्या हाताचा मला भरवसाच नव्हता. गुरुवारी सकाळी, आंबा घाट चढायचा म्हणून, अंगणात गाडीखाली शिरून मी इंजिनातलं जुनं ऑईल काढलं, खालच्या चेंबरचं बूच परत बसवलं आणि पान्याने घट्ट केलं. ते चांगलं बसलं होतं. तरी नेहमीप्रमाणे "सांभाळ रे बाबा" म्हणून मी आणखी एक पीळ दिला. देवाशी बोलणं बंद असलं तरी एवढं तोंडातून जाईच. पाना एकदम हलका झाला. बूच नुसतं फिरायला लागलं, आणि चेंबरच्या भोकातले आटे चुऱ्यासारखे माझ्या तळहातावर पडले.

आता नवं ऑईल ओतलं असतं तर सगळं अंगणात सांडलं असतं. मिस्त्री कोल्हापूरला गेलेला. गावातली भाड्याची मोटार लग्नाच्या वऱ्हाडात अडकलेली. एस.टी.चे हिसके पत्नीला सोसणारे नव्हते. सुतळी गुंडाळून पाहिली, पत्र्याचा तुकडा घालून पाहिला. बूच काही धरेना. ऊन वर आलं. इतक्यात आतून पत्नीची हाक आली, "अहो, पोटात बारीक दुखतंय."

मी गाडीखालीच पडून राहिलो. खरं सांगतो, प्रार्थना केली नाही. हातातला पाना बाजूला ठेवला आणि मनात एवढंच आलं, आता मला होत नाही. फार थकलो होतो. त्या थकव्यात रागही नव्हता, आशाही नव्हती.

"डाक्टर हायत काय? माजा कान लय दुकतोय."

गाडीपलीकडे लुंगी आणि दोन भेगाळलेले पाय दिसले. राजिवड्याकडचे एक म्हातारे चाचा होते. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दवाखाना बंद बघून घरी आलेले. मी काही बोलायच्या आत ते कण्हत खाली बसले, आत वाकले आणि भोकात बोट घालून म्हणाले, "आटे खाल्ले की हो. कोनी पिळला इतका?"

"मीच," मी म्हणालो.

चाचांनी तीस वर्षं आगबोटीच्या इंजिनावर काढली होती. मांडवीच्या धक्क्यावर एका ओळखीच्या लाँचवाल्याकडे जाऊन ते दोन सारखे पोलादी बोल्ट घेऊन आले, जुन्या बुचापेक्षा अंमळ जाड. एकाच्या अंगावर कानशीने त्यांनी तीन उभ्या खाचा पाडल्या, खाचांत ग्रीस भरलं आणि तो भोकात घालून अर्धा फेरा पुढे, जरा मागे, असा फिरवत राहिले. नवे आटे पडत गेले, चुरा ग्रीसला चिकटत गेला. मग रॉकेलने भोक धुतलं, माझ्या वहाणेच्या चामड्याची चकती कापली आणि दुसरा बोल्ट बूच म्हणून बसवला. शेवटी पाना माझ्या हातात दिला. बोल्ट घट्ट झाला तसा माझा हात सवयीने पुढे जायला लागला. त्यांनी मनगट धरलं.

"बसला की हात सोडायचा, डाक्टर. मंग इंजिनाचा काम इंजिन करतो."

त्यांचा कान तपासायला मी बॅग आणायला निघालो तर म्हणाले, "कान कुटं पळतोय माजा? निघा तुमी."

नवं ऑईल ओतून दुपारी तीनला निघालो. पत्नी मागे आडवी झाली होती. वाटेत तिच्या कळा मोजत होतो, बुचाची आठवण मात्र झाली नाही. मिरजेला पोचलो तेव्हा डॉक्टरबाई तयारच होत्या. "तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, आत यायचं तर या," त्या म्हणाल्या. आधीच्या दोन्ही वेळी मी आत होतो. माझ्याइतकी काळजी दुसरं कोण घेणार, हाच माझा हेका होता. मी पत्नीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग मी बाईंना म्हणालो, "मी बाहेर बसतो."

त्या बाकावरचा तो तास मला आजही आठवतो. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी नुसता बसलो. कितीतरी वर्षांनी रडलो. आणि मग आतून रडण्याचा दुसरा आवाज आला, चांगला खणखणीत. मुलगी झाली होती.

चाचा काही अंतर्धान वगैरे पावले नाहीत. पुढे कित्येक वर्षं त्यांचा तो कान मला छळत होता. देवाने पाठवलं का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कानानं पाठवला." मी वाद घातला नाही. ज्याने कान दिला, त्यानेच दुखवला असेल, एवढं मी माझ्यापुरतं मानतो.

परतल्यावर आम्ही तिघं देवीला गेलो. पाकळ्या हातात घेऊन गुरवाने विचारलं, "काय इचारू?" मी म्हणालो, "काही नको. पहिल्यांदाच सांगितलं होतं, तेव्हा ऐकलं नाही, तेवढी माफी मागा." पत्नी पदराआड हसली. मी मुलीला देवीच्या पायांशी ठेवलं आणि हात सोडला.