लाल दोऱ्याची गाठ

दक्षिण चीनमधल्या नाननिंग शहरात, आंब्याच्या झाडांच्या रस्त्यावर ज्याच्याकडे विजेची दुचाकी नाही, तो एकतर पाळण्यात असतो नाहीतर खाटेला खिळलेला. बाकी सगळं शहर गाडीवर. आणि गाडी म्हटली की ती कधी ना कधी बंद पडणारच. पडली की ढकलत न्यायची ती दुरुस्तीवाल्या शूल्यानकडे, वसाहतीच्या भिंतीला टेकलेल्या कोपऱ्यावर. बाई बुटकी, गुडघ्यांनी कुरकुरणारी आणि तोंडाने फटकळ. गल्ली तिला उस्तादबाई म्हणायची.

गाडी आली की ती हत्यारांना हात लावायची नाही. आधी विचारायची, "कुठे बंद पडली?" चढावर पडली तर बॅटरी दमलीय. ब्रेक सोडल्यावरही चाक हलत नसेल तर ब्रेकची कळ अडकलीय. खड्ड्यात पडली आणि ढकलता ढकलता पुन्हा आपोआप सुरू झाली, तर नक्की जोड सैल. मग सीट उचलायची, बॅटरीच्या जाड तारांचा प्लग हलवून बघायचा, पितळ काळं पडलं असेल तर घासायचं आणि टक्कन आवाज येईपर्यंत बसवायचा. लोक नव्या बॅटरीच्या भीतीने अर्धमेले होऊन यायचे आणि हसत जायचे. जाताना टोमणा मात्र प्रत्येकाला मिळायचा. "गाडी धुताना सीटखाली पाणी मारलंस ना? स्वतःच्या कानात मारतोस का एवढं?"

हल्ली गल्लोगल्ली बॅटरी बदलून देणारी कपाटं येत होती. रिकामी बॅटरी आत ढकला, भरलेली बाहेर काढा, चालू पडा. पलीकडच्या गल्लीत कपाट आलं आणि तिथल्या दुरुस्तीवाल्याला जागा सोडावी लागली. शेजारची शेवयावाली लान काकू आंबवलेल्या बांबूच्या कोंबांच्या फोडणीत झारा फिरवत म्हणाली, "आता तुझा नंबर गं, शूल्यान."

"माझी जागा नोंगच्या नावावर आहे," शूल्यान म्हणाली. "तो आहे तोवर कोण हात लावतो?"

नोंग देफू म्हणजे तिचा नवरा. त्याच वसाहतीच्या चौकापलीकडच्या फाटकावर पहारेकरी. भिंतीलगतची जागा वसाहत फक्त आपल्या नोकरांना देत असे, म्हणून परवानगी त्याच्या नावाची आणि घाम हिचा. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. नवऱ्याचं नाव आणि आपलं नाव यांत फरक करायचा असतो, हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

आणि नेमकी या नोंगचीच गाडी बंद पडू लागली.

कामावरून तो घरी उशिरा यायचा, गाडी ढकलत, कपाळावर घाम. "दवाखान्यापुढच्या खड्ड्यात गेली. दिवाच विझला." शूल्यान सीट उचलायची. प्लग सैल. ती बसवायची. आठवडा जेमतेम जायचा की पुन्हा तेच. तिने ब्रेकच्या कळा तपासल्या, किल्लीच्या तारा तपासल्या, कंट्रोलर उघडून पाहिला, मीटर लावून बॅटरी मोजली. सगळं ठणठणीत. प्लग तेवढा पुन्हा सैल.

गल्लीला आयतंच कोलीत मिळालं. लान काकू गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "दिव्याखाली अंधार. उस्तादबाईंच्या घरचीच गाडी रस्त्यात बसते." एकदा एक जुनं गिऱ्हाईक कोपऱ्यावर न थांबता पुढे निघून गेलं. शूल्यानला ते लागलं. त्या दिवशी तिने नोंगचा प्लगच बदलून टाकला.

तरीही गाडी बंद पडलीच.

बारा प्राण्यांच्या चिनी पंचांगात हे वर्ष सापाचं होतं आणि नोंगचा जन्मही सापाच्याच वर्षातला. आपलं वर्ष आपल्यालाच डसतं, म्हणून लाल घालावं लागतं. नोंग लाल मोजे, लाल पट्टा आणि आतलंही सगळं लाल घालून फिरायचा. गल्ली हसायची, तो अंगाला लावून घ्यायचा नाही. शूल्यानने विचार केला, गाडीलाही लाल हवं. तिने लाल दोरा घेतला आणि प्लगचे दोन्ही भाग एकत्र आवळून बांधले. गाठ मारली ती आईची, डोंगरातल्या गावी भाताच्या पेंढ्यांना मारतात ती. तिची टोकं आत वळतात, बाहेरून दिसतच नाहीत.

"आता सुटणार नाही," ती म्हणाली. "आणि हा दोरा तोडू नकोस. वर्ष संपेपर्यंत तुला तोच राखेल."

नोंगने दोऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, दमलाय.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो कामावर जायला निघाला आणि गाडी सुरूच होईना. आदल्या दिवशी तो पुन्हा उशिरा आला होता, पण शूल्यान तेव्हा झोपून गेली होती. "काल रात्री पुन्हा तीच बोंब," म्हणत त्याने गाडी ढकलत कोपऱ्यावर आणली.

तिने सीट उचलली. प्लग सैल होता. दोरा जागच्या जागी होता, नीट बांधलेला. पण गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी वर आली होती. बुटाच्या नाडीची गाठ. नोंगला आयुष्यात तेवढी एकच येते.

तिने दोरा तसाच ठेवून प्लग जरा ओढला आणि आतलं पितळ उन्हात पाहिलं. हादऱ्याने सैल झालेला जोड ठिणग्या खातो, पितळ काळं पडतं. हे पितळ लखलखीत होतं. आधीच्या वेळीही लखलखीतच होतं. तिने ते पाहिलं होतं आणि नशीब म्हणून सोडून दिलं होतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तिने पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, हे हाताने केलंय. घरच्या माणसापुढे तिने आपली विद्या गुंडाळून ठेवली, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"रस्त्यात अडलास तर सीट उचल आणि प्लग दाब," ती हळू म्हणाली. "एवढं एकच शिकवलं होतं तुला. त्याचं हे केलंस?"

"काय केलं?"

"गाठ माझी नाही, नोंग."

त्याने गाठीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "कपाटवाल्यांकडे जात होतो," तो म्हणाला. "काम शिकायला. चार कपाटांवर माणूस हवाय त्यांना. खुर्ची आहे, पंखा आहे. उशीर व्हायचा. नुसतं गाडी बंद पडली म्हटलं असतं तर तू सीट उचलून बघितलीच असतीस. म्हणून प्लग खरोखरच सैल करायचो."

"कपाट कुठे येणार?"

नोंगने पायाखालच्या फरशीकडे बोट केलं. "महिनाअखेर. मी हो म्हटलंय. तुझे गुडघे बघवत नाहीत, शूल्यान. आपल्यासाठीच केलं."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारायचं असतं."

ती उठली. गुडघे कडकडले, तशीच उभी राहिली. "दोरा तोडून फेकला असतास तर मी म्हटलं असतं, झिजून तुटला. मला कधीच कळलं नसतं. पण तुझा तोडायचा जीव झाला नाही. बसून सोडवलास, काम उरकलंस आणि परत बांधलास. एवढ्याशा दोऱ्याची भीती वाटली तुला. माझी नाही वाटली."

नोंगने घड्याळ पाहिलं. "फाटकावर जायचंय. आधी तेवढं बसव ना."

झारा थांबवून लान काकू केव्हाची इकडेच बघत होती. आता तिला राहवेना. "काय गं, सापडला का एकदाचा दोष?"

शूल्यानला दोन्ही वाटा दिसत होत्या. गप्प बसलं तर घराची अब्रू राहत होती आणि हाताला लागलेला बट्टा तसाच. एवढ्या वर्षांत तिने कायम घराचीच बाजू घेतली होती.

"गाडीत दोष नव्हता," ती शेवयांच्या चुलीपर्यंत सहज पोहोचेल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या कामातही नव्हता. नोंग स्वतःच्या हाताने सैल करत होता. ही जागा कपाटवाल्यांना दिली त्याने, मला न सांगता."

लान काकू घाईघाईने पुन्हा झारा फिरवू लागली. बाकांवरच्या लोकांनी वाडग्यांत माना घातल्या.

शूल्यानने दोरा सोडवून नोंगच्या तळहातावर ठेवला. "प्लग दाबता येतो तुला. गाठही येते."

तो वाकला. विजारीखालून लाल मोजे दिसत होते. प्लग टक्कन बसला, दिवा लागला. तो सीटवर बसला आणि निघाला.

गाडी बंद पडायला लागल्यापासून शूल्यान रोज कोपऱ्यावर उभी राहायची, तो चौक ओलांडेपर्यंत, मध्येच अडेल म्हणून. त्या दिवशी ती पाठ फिरवून खाली बसली आणि नोंगच्या नावाच्या त्या जागेवरची आपली हत्यारं पेटीत भरू लागली.