बुडं छाटलेली अळंबी

शिंपीणबाईंचं बालपण जंगलाच्या कडेला गेलेलं. नवऱ्याने पोवळ्यासारख्या फांद्यांची रानअळंबी बुडं छाटून, परतून लेकीच्या ताटात वाढलेली त्यांनी पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ताटच हिसकावलं.

"अगं, फोटो बघून फोन सांगतोय, खायची आहे म्हणून!"

"पोट काय फोनचं दुखणार आहे? बुडं कुठायत? त्यांच्याशिवाय जात कशी ओळखणार?"

त्यांनी नवऱ्याला तडक जंगलात नेलं. मागे राहिलेली बुडं कुजक्या लाकडात रुतली होती, खाली पांढरे दोरे होते आणि दाबताच ती तपकिरी पडली.

"कडू जात आहे. विषारी नाही, पण खात नाहीत."

"मग एवढं आकांडतांडव कशाला?"

"हे तुम्हाला आत्ता कळलं. पोरीला वाढलंत तेव्हा ठाऊक होतं?"