कुंदाताईनं न सोडलेला दोर

माझी थोरली बहीण कुंदाताई बावीस वर्षं न्युरेम्बर्गात आहे. त्यातली अठरा वर्षं तिनं एका किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. घरी येणारी सरकारी पत्रं तीच वाचते, फॉर्म तीच भरते, सहीपुरते फक्त शशिकांत भावोजी. भावोजी मूळचे गुहागरचे. समुद्रकाठी जन्मलो म्हणजे जगातलं सगळं पाणी आपलं ऐकतं, असा त्यांचा समज. निवृत्त झाल्यावर त्यांनी कालव्यात चालवायची अरुंद, सपाट बुडाची बोट घेतली आणि लायसन्सच्या परीक्षेला ताईला बसवलं. मला कोण काय शिकवणार, म्हणे! म्हणजे कागदावर कप्तान ती आणि सुकाणू यांच्या हातात. या माणसाचा मला कधीपासूनच वीट आलाय.

गेल्या ऑगस्टमध्ये ताईच्या काळजीनं मीही कार्ल्सरूहेहून सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेलो. ओटर्नडॉर्फला कालवा संपतो आणि समोर एल्बे नदी येते, समुद्राला मिळायला निघालेली, पलीकडचा काठ धड न दिसणारी. आम्हाला पलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ब्रुन्सब्यूटेलला जायचं होतं. ओहोटीत निघालं तर असली बोट सरळ समुद्रात ओढली जाते. भरती लागल्यावर निघालं तर पाणीच तिला वर नेतं. धक्क्याखाली कुजका चिखल, मेलेले खेकडे आणि तपकिरी फेस.

भावोजींनी बोटांवर हिशोब केला. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती, बाराला ओहोटी संपणार, बाराला निघायचं. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ अशीच काढतात आणि तिथं ती जुळतेही. पण एल्बे काही गुहागरहून वाहत नाही. ताईच्या हातातल्या छापील तक्त्यात ओहोटी साडेतीनपर्यंत होती. मलाही ते दिसत होतं. पण आमच्या घरात जावयाला कुणी चुकीचं म्हणत नाही. मी चहाचा कप घेऊन गप्प उभा राहिलो.

बाराला इंजिन सुरू झालं. भावोजींनी ताईला दोर सोडायला सांगितलं. ती जाऊन दोरावरच बसली.

"अहो, लायसन्स माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "साडेतीनच्या आधी हा दोर सुटणार नाही."

मग भावोजींनी तिची अक्कल काढली, तिचा स्वयंपाक काढला, आमच्या वडिलांनाही काढलं. ती हलली नाही. मी चहाचा कप विसळायला घेतला.

पावणेचारला तिनं दोर सोडला. मधोमध एका मालवाहू जहाजाच्या लाटांनी बोट आडवी हलली आणि भावोजी डेकवरच भडाभडा ओकले. सुकाणू ताईनं घेतलं. पुढच्या दोन तासांत तिनं आम्हाला सुखरूप पलीकडे लावलं.

ब्रुन्सब्यूटेलला बोट बांधून ती नवऱ्याची ओकारी पुसायला बसली. भावोजींनी तोंड धुतलं आणि गुहागरला त्यांच्या भावाला, पद्माकरला, फोन लावला. अष्टमीची पाऊणपट इथंही बरोबर निघाली, मिनिटाचा फरक नाही, असं त्याला सांगून झालं. मग फोन माझ्यासमोर धरला.

"सांग रे, तू होतास ना?"

ताईचा हात थांबला.

"हो," मी म्हणालो.

मला स्वतःची शिसारी आली. ताईनं फडकं पिळलं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय उचल."