वालूरला, प्रज्ञाच्या घरी

एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेत मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. माणसांची बरीचशी दुखणी फोनवरच ऐकते. पण आमच्या संस्थेतली प्रज्ञा रजेवर गावी गेली आणि फोनच घेईनाशी झाली. शेवटी निरोप धाडला, "मी येऊ का?" बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, "या."

मुंबईहून रात्री निघालेली गाडी सकाळी सेलूला पोचते. स्टँडजवळ फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, चुकवू नका. वालूरच्या एसटीची वाट पाहून कंटाळले आणि काळीपिवळी जीपमध्ये बसले. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता.

"जय भीम, या," म्हणत प्रज्ञाचे वडील पुढे आले. निवृत्त शिक्षक. आईनं भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा वाढला. जेवता जेवता वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी बोलंना झालीय. टीव्ही लावला की उठून जायलीय. तुमच्याकडं तिला नेमकं काय काम हाय?"

युद्धातून, दंगलींतून येणारे व्हिडिओ खरे की बनावट, हे प्रज्ञा तपासायची. बातमीत जे दाखवत नाहीत, तेही तिला पुन्हा पुन्हा पाहावं लागायचं. पण हे मी कसं सांगू? मी समोर जेवत बसलेल्या प्रज्ञाकडे पाहिलं.

ताटावरची नजर न काढता ती म्हणाली, "बाबा, मी मेलेली माणसं बघत होते. लेकरं बी. खरी हायत का, तेवढं सांगायचं."

आई उठली आणि तिला खेटून बसली.

वडिलांनी हळूच विचारलं, "अन् खरीच असायची?"

"लय वेळा."

दुपारी प्रज्ञानं गावातली बारव, जुनी पायऱ्यांची विहीर, दाखवली. गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या आहेत, जपून उतरा. मधल्या पायरीवर बसून ती म्हणाली, "नोकरी सोडायची न्हाई मला. पण ते बघणं आता नको."

"शब्द देता येत नाही," मी म्हटलं. "पण तुझ्यासाठी भांडेन."

"बास हाय तेवढं."

परतल्यावर बरंच भांडावं लागलं. आता प्रज्ञा गावाकडूनच संस्थेच्या रेडिओसेवेसाठी मुलाखती घेते. तिचा आवाज ऐकून बरं वाटतं, पण पूर्ण नाही, कारण व्हिडिओ तपासायचं ते काम थांबलेलं नाही. तिच्या जागेसाठी आलेल्या तरुणाला मी पदाचं नाव सांगत बसले नाही. रोज काय पाहावं लागेल, ते सांगितलं.

तो म्हणाला, "घरी विचारून सांगू?"

"जरूर विचारा," मी म्हटलं.