आधी कूलर, मग नमस्कार

उभ्या नागपुरात आमच्या थोरल्या साडूंइतका नकोसा पाहुणा दुसरा सापडणार नाही. ते विद्यापीठात संशोधक आहेत. लहान मुलांना घरातल्या घरात इजा कशा होतात, हा त्यांचा विषय. बाकीचे प्राध्यापक आपला विषय विद्यापीठात ठेवून घरी जातात. आमचे साडू तो घेऊन दुसऱ्यांच्या घरी जातात. दार उघडलं की आधी कूलरला टेस्टर लावतात आणि मग यजमानांना नमस्कार करतात. टेस्टर पेटला तर नमस्कार राहूनच जातो.

घर कळायचं असेल तर ते तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून पाहावं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते रांगतात. वय चोपन्न, पोट सुटलेलं, तरी रांगतात. माझ्या पुतण्यासाठी आम्ही लकडगंजात मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली आणि वडीलधारे म्हणून नेलेले साडू गायब. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"काय हरवलं जी?" मुलीच्या वडिलांनी घाबरून विचारलं.

"काही नाही जी, लहान पोरगं होऊन पाहून राहिलो," आतून आवाज आला. "शरबताच्या बाटलीत फिनाईल भरून ठेवलं तुमी, अन् ते अगदी माझ्या तोंडापाशी हाय!"

सोयरीक मोडली. साडूंना त्याची खंत नव्हती. बाटली त्यांनी मोरीत रिकामी केली होती. "यायले घेऊन कुठं जायची सोय नाही वं," असं त्यांची बायको माझ्या बायकोला, म्हणजे धाकट्या बहिणीला, दर सणाला सांगते.

अशा माणसाला मी फसवलं, हे आता लिहूनच टाकतो.

दर उन्हाळ्याआधी ते संशोधनासाठी नातेवाइकांकडून एक फॉर्म भरून घेत. कूलरला तीन पिनांचा प्लग आहे का? पाणी भरताना तो काढता का? आमच्या खिडकीजवळच्या बोर्डात तीन पिना बसत नव्हत्या, म्हणून मी अर्थिंगची तार कापून दोन पिनांचा प्लग लावला होता. साडू घरी आले तर रांगतील, हे ओळखून मी एका लग्नाच्या पंगतीतच त्यांच्याकडून फॉर्म मागून घेतला आणि सगळीकडे 'हो' लिहून सही ठोकली.

"वा! तुमच्याकडं यायची गरजच नाही," ते खूश होऊन म्हणाले.

मे महिन्यात आमच्या पाच वर्षांच्या चिमीनं बाहुलीला आंघोळ घालायला कूलरच्या पाण्यात हात घातला आणि तिला शॉक बसला. बायकोनं धावत जाऊन प्लग ओढला, म्हणून पोर वाचली. दवाखान्यात साडू आले. "पोरगी जेवली का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी फॉर्मबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काही आठवड्यांनी ते माझाच फॉर्म घेऊन घरी आले. रांगले नाहीत, खुर्चीवर बसले.

"भाऊ, तीन पिना असून पोरीले करंट लागला. मंग मी लोकायले काय सांगू? तीन पिनांचा उपयोग नाही म्हणू?"

माझं खोटं आता आणखी कुणाकुणाच्या घरात शिरणार होतं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

"काहून केलं गा असं?"

"तुम्ही घरी येऊ नये म्हणून."

"इतका बेकार पाहुणा हावो मी?"

"हो," मी म्हणालो. त्या फॉर्मच्या बाबतीतलं माझं हे पहिलं खरं 'हो'.

त्यांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली. "रविवारी माझ्यासंगं चाला. मी तारा पाहतो, पण माणूस खोटं बोलून राहिला की मले काही समजत नाही."

त्या रविवारी आम्ही कोराडीच्या कॉलनीत फॉर्म घेऊन घरोघरी फिरलो. एका घरी एक तरुण बाप दार अडवून म्हणाला, "आहे ना, सगळं बराबर आहे." ते घाईचं हसू मी ओळखलं. साडू फॉर्मवर 'हो' लिहिणार, इतक्यात मी त्या माणसाला चिमीची गोष्ट सांगितली. तार मी कापली होती, हेही सांगितलं. परक्या माणसापुढे पहिल्यांदाच. तो आत गेला. कूलरची घरघर थांबली.

परतीच्या बसमध्ये खिडकीची एकच जागा रिकामी होती. ती साडूंनी मला दिली.