डाव्या हातची बंदूक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ध्याकडे पोरांचा वेगळा पोळा भरतो. त्याला तान्हा पोळा म्हणतात. मोठ्यांचे बैल खरे, पोरांचे लाकडी, चाकांवरचे. पोरं नटूनथटून नंदी ओढत दारोदार जातात, बायका नंदीला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर खाऊ नाहीतर बोजारा, म्हणजे पोळ्याचे चार पैसे, ठेवतात. ज्याच्या घरी खरा बैल कधी नव्हता, त्याच्याही घरी त्या दिवशी लाकडी बैलाची पूजा होते. नालवाडीच्या डोमाजी सुताराचं सगळं आयुष्य या एका दिवसावर उभं होतं. एरवी तो दारं-खिडक्या करायचा, पण लोक त्याला ओळखायचे ते नंदीवाला म्हणूनच.

त्याचा नंदी बघितला की कळायचं. मान किंचित वळलेली, वशिंड भरलेलं, आणि डोळे असे की पोरगं झोपलं तरी नंदी जागा वाटावा. स्वभावाने डोमाजी बाभळीच्या लाकडासारखा होता, कठीण आणि जरा काटेरी. कुणी घासाघीस करायला लागलं तर तो नंदी परत फळीवर ठेवून पाठ फिरवायचा. त्याचा एक नियम होता, बापाकडून आलेला: नंदीला डावा हात लावायचा नाही. ज्याला हळद-कुंकू लागणार, त्याच्यावर पटाशी उजव्याच हाताने चालली पाहिजे. बाकी खुर्ची करा, पलंग करा, वाटेल त्या हाताने करा.

आणि देवाची थट्टा बघा, याच माणसाच्या पोटी प्रफुल डावरा निघाला.

डोमाजीने उपाय केले. पोराचा डावा हात धोतराच्या चिंधीने कमरेला बांधून त्याला उजव्या हाताने जेवायला बसवलं, लिहायला बसवलं, पटाशी धरायला बसवलं. लिहिणं आणि जेवणं जमलं. पटाशी जमली नाही. उजव्या हातात ती धरली की पोरगं लाकूड चघळल्यासारखं करायचं. "याच्यात सुताराचा हातच नाई," असं डोमाजी चारचौघांत सांगायला लागला, आणि शकुंतलाबाई, म्हणजे त्याची बायको, ते ऐकून भांडी जोरात आपटायची.

प्रफुल चौथी-पाचवीत असतानाची गोष्ट. पोळा तोंडावर आला होता. बाप बाजारात बसलेला असताना पोराने घरी एकट्याने नंदी केला, डाव्या हाताने. तो इतर नंद्यांत मिसळून बाजारात गेला आणि विमलाबाई नावाच्या कायमच्या गिऱ्हाइकाने सगळ्या ढिगातून नेमका तोच उचलला. पोराला आनंद मावेना. त्याने शेजारच्या मुलाला सांगितलं, त्या मुलाने आईला, आणि संध्याकाळी विमलाबाई नंदी परत घेऊन दारात. तिचा राग नव्हता. पुजायचा हाये, डाव्या हाताचा कसा चालंल, एवढंच ती म्हणाली. डोमाजीने तिला दुसरा नंदी दिला आणि परत आलेला नंदी पोराच्या देखत चुलीत घातला. सागवान चांगलं वाळलेलं होतं, लगेच पेटलं.

"पोळ्याच्या तोंडावर नंदी जाळला तुमी," शकुंतलाबाई म्हणाली. "हे चांगलं नाई झालं."

ते वाक्य डोमाजीच्या मनात घर करून राहिलं. पुढे घरात काही बिनसलं की त्याला ते आठवायचं. प्रफुलने मात्र त्या दिवसानंतर हत्याराला हात लावला नाही. शाळा संपली, कॉलेज अर्धवट सुटलं, आणि नव्या शतकात पोरगं सिंदी मेघेला अंकुश नावाच्या मित्राच्या सायबर कॅफेत दिवस घालवू लागलं. घरी यायचं ते जेवायला. बाप-लेकाचं बोलणं मीठ दे आणि पाणी दे यावर आलं होतं. डोमाजी साठीकडे झुकला होता, हात थरथरायला लागले होते, आणि आपल्यामागे हे दुकान बंद होणार याचं दुःख त्याला आतून पोखरत होतं. पण ते सांगणार कुणाला?

अंकुशने एक जुना कॉम्प्युटर प्रफुलला घरी आणू दिला. त्यावर प्रफुल सीडी लावून जपानी कार्टून बघत बसायचा. कार्टून म्हटल्यावर डोमाजीला ससा-कासव वाटलं होतं. एकदा पाणी प्यायला आत आला आणि उभाच राहिला. पडद्यावर बर्फ पडत होतं, खंदकात पोरीसोरी सैनिक होऊन बसल्या होत्या, आणि वर आकाशात मोठमोठी विमानं घरघरत होती. प्रफुलने बऱ्याच दिवसांनी बापाला आपणहून काही सांगितलं. म्हणाला, हे झालेलं युद्ध नाही. दुसरं महायुद्ध पुस्तकात संपतं तसं इथे संपलंच नाही, आणखी वीस वर्षं चाललं, असं धरून ही गोष्ट रचली आहे. यातले देश खोटे, नकाशे खोटे, राजे खोटे.

"मंग खरं काय हाये याच्यात?" डोमाजीने विचारलं.

"बंदुका," प्रफुल म्हणाला. "बंदुका साऱ्या खऱ्या हायेत."

आणि तो दाखवत गेला. ही जर्मन माउझर, हिला प्रत्येक गोळीनंतर खटका मागे ओढावा लागतो. ही अमेरिकन टॉमी गन, हिच्या पोटाला गोल डबा. ही रशियन कलाश्निकोव्ह, हिचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं. गोष्ट बनवणाऱ्यांनी खऱ्या बंदुका पुढ्यात ठेवून एकेक खिळा चितारला होता. डोमाजीचं लक्ष बंदुकीच्या लाकडी दस्त्याकडे होतं. चित्र काढणाऱ्याने लाकडातल्या रेघासुद्धा सोडल्या नव्हत्या. कुणी परका माणूस सातासमुद्रापार बसून लाकडाकडे इतकं बघतो, याचं त्याला फार कौतुक वाटलं. खोट्या गोष्टीला खरी हत्यारं कशाला लागतात, हा प्रश्न तेव्हा त्याला पडला नाही. पडायला हवा होता.

काही दिवसांनी प्रफुल दुकानात आला आणि कोपऱ्यातला सागवानाचा तुकडा मागितला. मग पटाशी घेतली. डाव्या हातात. डोमाजीच्या ओठांवर शब्द आलेच होते, पण पोरगं काय करतंय ते बघून त्याने ते गिळले. शकुंतलाबाई दारात येऊन उभी राहिली, तर तिलाच तो म्हणाला, "करू दे. बंदुकीले कोन पुजते?"

झालं. जे दार दहा-बारा वर्षं बंद होतं ते असं उघडलं. प्रफुल सकाळपासून दुकानात बसू लागला. आधी माउझर झाली, मग टॉमी गन. कॅफेतून चित्रं छापून आणायची, भिंतीला लावायची आणि मापं काढायची. बाप लाकूड निवडून द्यायचा, दस्त्याला बाभूळ का बरी ते सांगायचा, गाठ कुठे लपवायची ते शिकवायचा. नळीला लोखंडी पाइप घालावा म्हणजे वजन येईल, ही युक्तीही डोमाजीचीच. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, दोघं एका ताटात जेवू लागले. एका भिंतीला नंदी, समोरच्या भिंतीला बंदुका. तान्ह्या पोळ्याला नंदी न्यायला आलेल्या बायका त्या भिंतीकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि पोरांना पदराखाली घ्यायच्या. त्या वर्षी नंदी कमी खपले. डोमाजीने तिकडे कानाडोळा केला.

मग मुंबईवर हल्ला झाला. चार दिवस टीव्हीवर तेच. ते केळ्यासारखं वाकडं मॅगझिन घरोघरी पोचलं, शेंबड्या पोरालासुद्धा त्या आकाराचं नाव कळलं. डोमाजीने प्रफुलला बजावलं की आता ती एक करू नकोस. प्रफुल म्हणाला, बर्फातले सैनिक तीच घेऊन लढतात, ती नसली तर बाकीच्यांना अर्थ नाही. त्याने ती केलीच. काळा रंग दिला, नळीच्या टोकाशी रंग झिजल्यासारखा केला. भिंतीवर ती लटकली तेव्हा डोमाजीने तिच्याकडे नीट बघायचं टाळलं, आणि शकुंतलाबाईने दुकानात दिवा लावणं सोडलं.

पुढच्या वर्षी, दिवाळी तोंडावर आली असताना, मोटरसायकलवर दोघं आले. बोलायला गोड. प्रफुलशीच बोलले, डोमाजीला नुसता नमस्कार. दुर्गा मंडळाच्या झाकीसाठी, म्हणजे देखाव्यासाठी, तशाच वाकड्या मॅगझिनच्या दोन हव्यात म्हणाले, एक तयार आहेच, दुसरी करून ठेव. ते गेल्यावर डोमाजीने विचारलं, कोणतं मंडळ?

"असंल कोनतंतरी."

"नवरात्र तं होऊन गेलं ना बापा."

प्रफुल पटाशीला धार लावत होता. त्याने वर बघितलं नाही. डोमाजीच्या मनात पाल चुकचुकली. आणखी एक प्रश्न विचारायचा अवकाश होता. पण तो प्रश्न विचारला तर पोरगं पटाशी खाली ठेवेल, उठून जाईल, आणि पुन्हा मीठ दे, पाणी दे सुरू होईल, याची त्याला फार भीती वाटली. त्याने विचारलं नाही. उलट दुसऱ्या बंदुकीसाठी चांगला बाभळीचा तुकडा स्वतः काढून दिला.

केळझरच्या पुढे एका गावात लक्ष्मणराव नावाचे म्हातारे सराफ होते. भरदुपारी दोघं तोंडाला रुमाल बांधून त्यांच्या दुकानात शिरले. गोळी सुटली नाही, सुटणार कुठून? नळी समोर आली आणि लक्ष्मणराव गादीवरच आडवे झाले. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला होता. लोक मागे धावले तेव्हा पळणाऱ्यांपैकी एकाने बंदूक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात फेकली. पोलिसांनी भीत भीत उचलली, तर लाकडाची. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला.

डोमाजीने तो चहाच्या टपरीवर पाहिला. चहा तसाच ठेवून तो घरी आला. प्रफुल दुकानात नुसता बसला होता, पुढ्यात पेपर.

"तुले मालूम होतं?" डोमाजीने विचारलं.

प्रफुलने पेपरची घडी घातली. "मी इचारलंच नाई," तो म्हणाला. "त्यायले खरी दिसाले पाह्यजे होती. मी खरी केली, बाबा."

आपणही विचारलं नव्हतं, हे डोमाजीला तिथेच उमगलं. त्याने ठरवलं. पोलीस आज ना उद्या लाकूडकाम करणाऱ्यांची दारं ठोठावणारच, आणि भिंत तर बोलतीच होती. पोराचं वय सगळं पुढे आहे, आपलं मागे. शकुंतलाबाईला त्याने एवढंच सांगितलं की पोराला घराबाहेर पडू देऊ नको. धुतलेलं धोतर नेसून तो ठाण्यात गेला.

साहेब वयाने लहान होता आणि थकलेला दिसत होता. त्याने बंदूक टेबलावर ठेवली. डोमाजीने ती उचलली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. दस्ता जिथे पुढच्या भागाला मिळतो तिथे बोट फिरवलं, तर सांधा लागेना. बाभळीची गाठ प्रफुलने अशी फिरवून घेतली होती की ती गाठ आहे हे सुताराशिवाय कुणाला कळू नये. पटाशीचे बारीक फटकारे डावीकडून उतरले होते, एकही वावगा नाही. माणूस मेला होता, पोराच्या मानेवर सुरी होती, आणि डोमाजीची छाती अभिमानाने भरून आली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण छाती काही खाली बसेना.

"माह्या हातची हाये, साहेब," तो म्हणाला.

साहेबाने त्याच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, आजोबा, नीट विचार करून बोला. ज्याने ही केली त्याला नेणारे माहीत आहेत. ते सापडेपर्यंत तो आत बसणार, आणि सापडल्यावर त्यांच्यासोबत बसणार. एक माणूस गेलाय. डोमाजी म्हणाला, केली तं केली, बसतो.

तेवढ्यात दारात प्रफुल दिसला. आईला ढकलून आला असावा, सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं. बापाचं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं होतं.

"खोटं बोलून राह्यले थे, साहेब," तो म्हणाला. "त्यायच्यानं अशी होतच नाई. माही हाये."

साहेबाने डोमाजीकडे पाहिलं. प्रफुलही बापाकडेच बघत होता. पोरगं येडं हाये, याच्यात सुताराचा हातच नाई, एवढं म्हटलं की झालं असतं. हे वाक्य डोमाजीने जन्मभर म्हटलं होतं, चारचौघांत, न अडखळता. आता तर ते म्हणायलाच हवं होतं. त्याने तोंड उघडलं. बंदूक अजून त्याच्या हातात होती, बोट अजून त्या सांध्यावर होतं.

"हो," तो म्हणाला. "माह्या हाताले एवढी सफाई कधीच नोती. पोराचंच काम हाये."

म्हटलं आणि त्याने बंदूक टेबलावर ठेवली. हवालदाराने प्रफुलचा दंड धरला. प्रफुलने काही झटापट केली नाही, त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता.

"खरंच, बाबा?" आत जाता जाता त्याने विचारलं.

डोमाजीने मान हलवली, आणि दार लागलं.