माया सोडायची राहिली

सकाळी आमच्या घरात तीन गोष्टी एकदम चालू असतात. गॅसवर दूध, बाथरूममध्ये लेक आणि माझ्या डाव्या हातात फोन. त्या दिवशीही दूध वर येत होतं. आमचे हे "माझा दुसरा मोजा कुणी घेतला?" असं साऱ्या घराला विचारत होते, जणू एकच मोजा न्यायला चोर येऊन गेला होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप, म्हणून मी गॅस बंद करूनच गेले.

दारात शिंपीकाका होते. समोरच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत एकतीस वर्षं त्यांचं दुकान आहे, पण ते कधी कुणाच्या दारी येत नाहीत. आज काखेत पिशवी होती आणि चपला उंबऱ्यापासून हातभर लांब काढलेल्या होत्या.

"आत या ना, काका."

"नको ताई, इथेच बरा आहे. कापड बिघडलं."

पिशवीतून त्यांनी राखाडी लोकरी कापड काढलं आणि माझ्या हातात न देता स्वतःच्याच छातीशी धरून ठेवलं. माझ्या आईने घेतलेलं ते शेवटचं कापड. "नातीला नोकरी लागली की जाकीट शिवून घे," असं म्हणून ती गेली. नोकरी आता लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं, म्हणून ते काकांकडे शिवायला दिलं होतं.

काकांचं कसब सांगायला हवं. ते कुणाचं माप मोठ्याने उच्चारत नाहीत. वहीत लिहितात आणि वही लगेच मिटतात. जुना ब्लाऊज घट्ट झाला म्हणून कुणी आली, तर "कापड आटलंय" म्हणतात. मी स्वतः चार वेळा आटले आहे. आणि माया सोडावी तर त्यांनीच. शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. इतर शिंपी अर्धा इंच सोडतात, काका दीड. "माणूस बदलतो, ताई. कपड्याने त्याला जागा द्यावी," असं त्यांचं म्हणणं.

त्याच काकांनी अडतीसचं जाकीट चौतीसला कापलं होतं, आणि तेही बिनमायेचं.

"असं कसं झालं हो?" मी विचारलं.

ते उंबऱ्याकडे बघत बोलले. "काल दुपारी खडू-कात्री हातात होती. फोन तेलाच्या डबीला टेकवून ठेवलेला, त्यावर पुराची बातमी. ती बातम्या देणारी बाई सारखी म्हणत होती, चौतीस, चौतीस. मी कापडावर चौतीस मांडलं आणि कात्री चालवली." "लाज कापडाची तर आहेच, ताई. पण वाहून गेलेली चौतीस माणसं होती ती. आणि माझ्या हातात त्यांचं काय राहिलं, तर छातीचं माप."

पुराचा तो व्हिडिओ मीच त्यांना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'बघा हो काका, किती भयंकर!' आणि लगेच काकडी चिरायला घेतली होती. शेवटपर्यंत मी तो पाहिलाही नव्हता.

"काका, तो मीच पाठवला होता."

"माहीत आहे की. तुम्ही शिकलेल्या. तुमचं आलं म्हणजे महत्त्वाचंच असणार, म्हणून कात्री हातात असतानाच उघडला."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

लेक केस पुसत बाहेर आली. कापड बघून सगळं समजली. "काका, कापड आटलं असेल," ती म्हणाली. काका हसले नाहीत. पिशवी तिच्या हाती देऊन म्हणाले, "बाळा, दुसरीकडून काही होतंय का बघ. मी आता कात्री ठेवतो. काल संध्याकाळपासून खडू धरला की रेघ वाकडी येते."

ते गेल्यावर मी फोन उघडला. आठवड्याभरात काकांना मी सतरा गोष्टी पाठवल्या होत्या. आग, दरड, युद्ध, कुठल्याशा आजाराचे फोटो. प्रत्येकीखाली त्यांनी ती पाहिल्याची खूण. स्वतःला धस्स झालं की मी ते दुसऱ्याकडे ढकलत होते आणि त्याला काळजी घेणं म्हणत होते.

दुपारी पिशवी घेऊन मी दुकानात गेले. कापायच्या टेबलावर काहीच नव्हतं, काका नुसतेच बाजूला बसलेले. मशीनपाशी काकू सुईने बटणं लावत होत्या.

"या. यांना साऱ्या जगाचं माप पाठ आहे," त्या म्हणाल्या. "घरात मीठ संपलंय ते तेवढं विचारू नका. जेवताना बातम्या, चहाला बातम्या. परवा झोपेत म्हणाले, आकडा वाढला."

"तू बटणं लाव," काका पुटपुटले.

"काकू, चूक माझीही आहे," मी म्हणाले आणि सतराचा आकडा सांगून टाकला. काकूंनी सुई थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि बटणांचा पत्र्याचा डबा काकांपुढे सरकवला. "घाला हो फोन यात. माझ्यापाशी राहील. सात वाजता रेडिओवर बातम्या ऐकायच्या, बसून, हात रिकामे ठेवून. जग काही तुमच्या बघण्यावाचून अडलेलं नाही."

"आणि कुणाचं काही महत्त्वाचं आलं तर?" काकांनी विचारलं.

"तो येऊन दार वाजवेल. तुम्ही नाही का गेलात सकाळी?"

काकांनी फोन डब्यात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. मी कापड टेबलावर पसरलं. कापलेले तुकडे पाहायला त्यांना जड जात होतं, पण बोट आपोआप कडेवरून फिरलं.

"दोन्ही बगलांना गडद पट्टी घातली तर..." ते स्वतःशीच म्हणाले. कपाटातून काळा तुकडा काढला, वहीतलं माप पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा मला दाखवलं, त्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. "अडतीसच ना?"

"अडतीस."

खडूची रेघ पहिल्यांदा वाकडी आली. त्यांनी ती पुसली. दुसरी सरळ आली. तिच्या बाहेर त्यांनी दीड इंच माया सोडली, कात्री उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"ताई, एक मागू?"

"मागा ना."

"मला काही पाठवायचं झालं, तर आधी एवढंच विचारा, 'काका, हातात कात्री आहे का?'"